मोड उसळीचे आणि मोड पक्ष्याचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा असल्यामुळे बडोद्यातील मराठी घरांत आता राघूच्या जागी कॉकटिएल, बजी आणि सन कॉन्युअर हे पोपटवर्गातले परदेशी पाहुणे दिसू लागले आहेत. (बजीला दुकानदार सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात, तो भाग वेगळा.) या पक्ष्यांना बारा महिने सूर्यफुलाच्या बिया आणि कांग (राळा) घालण्याऐवजी कच्च्या भाज्या व मोड आलेले धान्य द्यावे, असा सल्ला हल्ली वारंवार ऐकू येतो. तो योग्यच आहे, कारण नुसत्या बियांवर वाढलेल्या पक्ष्याच्या यकृतात चरबी साठते आणि त्याला अ जीवनसत्त्व व कॅल्शियम कमी पडते. माझी हरकत आहे ती हा सल्ला आपल्या घरांत ज्या पद्धतीने अमलात येतो तिला.

मराठी घराला मोड आणायला शिकवावे लागत नाही, आणि घोटाळा नेमका तेथेच होतो. रात्री भिजवलेली मटकी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायची, उबेला ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी लांब मोड आले की त्यातली मूठभर पिंजऱ्यात टाकायची, हा आपला क्रम. उसळीसाठी तो ठीक आहे, कारण पुरचुंडीच्या उबेत वाढलेले जिवाणू कढईत मरतात. पक्षी मात्र ती मटकी कच्चीच खातो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पुरचुंडीतले दाणे बोटांना बुळबुळीत लागतात व त्यांना आंबूस वास येतो. तो आपण फोडणीत विसरून जातो, परंतु जेमतेम नव्वद ग्रॅम वजनाच्या कॉकटिएलच्या ते जिवावर बेतू शकते.

पक्ष्यासाठी मूग, मटकी, ज्वारी किंवा बाजरी आठ तास भिजवावी, मग बांधून न ठेवता चाळणीत पसरून दिवसातून तीन-चार वेळा वाहत्या पाण्याखाली धुवावी, आणि राईएवढे पांढरे टोक दिसताच सकाळच्या वेळी द्यावी. उरलेले दोन तासांत उचलून टाकावे. ‘संध्याकाळी खाईल’ ही आशा उन्हाळ्यात धरू नये. पेरणीसाठी विकले जाणारे गुलाबी किंवा निळ्या रंगाचे बियाणे घेऊ नये, कारण त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. बिरड्यासाठी सोललेली डाळिंबी कौतुकाने कॉन्युअरपुढे धरताना मी लोकांना पाहिले आहे, म्हणून मुद्दाम लिहिते की वाल आणि राजमा यांना मोड आले तरी ते कच्चे असताना घातकच असतात. ते नीट उकडूनच द्यावेत. ॲव्होकाडो तर कोणत्याही रूपात नको.

मोडांनी सगळी तूट भरून निघते, हाही गैरसमज आहे. अ जीवनसत्त्वासाठी गाजर, लाल भोपळा आणि शेवग्याचा पाला लागतो, तर कॅल्शियमसाठी पिंजऱ्याच्या तारेला काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस, म्हणजे माकूळ या समुद्रजीवाचे पांढरे कवच, अडकवावा.

हे सारे सांभाळूनही माझी एक चूक झाली. गेल्या वर्षी मी आमच्या बकुळाला, म्हणजे आमच्या कॉकटिएल मादीला, रोज सकाळी वाटीभर मोड घालू लागले. घरात नर नसताना तिने पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एक दिवसाआड सहा अंडी घातली, आणि महिना पुरा होण्याआधी ती पुन्हा अंड्यावर आली. त्या खेपेला अंडे अडकले. पिसे फुलवून ती तळाशी बसली होती आणि प्रत्येक श्वासाबरोबर तिची शेपटी खालीवर होत होती. सुदैवाने वैद्यकीय मदत वेळेवर मिळाली. डॉक्टरांनी नंतर समजावले, की ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशात पाऊस होऊन गवताला कोवळे दाणे धरतात, तेव्हा ही जात वीण करते; रोजची मोडांची वाटी म्हणजे तिच्या शरीराला रोजचाच पाऊस होता, आणि दर अंड्यागणिक कवचासाठी तिच्या हाडांतले कॅल्शियम खर्ची पडत होते. ज्याला मी नैसर्गिक आहार म्हणत होते, तो तिच्या निसर्गात वर्षातले थोडेच दिवस मिळतो.

आता बकुळाला आठवड्यातून दोनदा चहाचा एक चमचा मोड मिळतात. इतर दिवशी भाजी, पाला आणि मोजून कांग असते. बियांवरून भाजीवर येताना हट्टी पक्षी उपाशी राहतो, म्हणून दर रविवारी तिला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उभी करते. आठ-दहा ग्रॅम घट दिसली तर मी उशीर न करता डॉक्टरांकडे जाते.

आपल्या पुरवणीत पाळीव प्राण्यांवर जे लेखन येते ते बहुतेक कुत्र्या-मांजरांविषयी असते. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी एखाद्या पक्षीवैद्याकडून या विषयावर सविस्तर लिहवून घ्यावे, ही विनंती.

आपली,
एक पक्षीपालक वाचक, बडोदे