वाणिज्याच्या वर्गात ‘गेम डेव्ह टायकून’ला जागा हवी

महोदय,

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला, हे योग्यच झाले. मात्र तेव्हापासून मुलांच्या हातातल्या प्रत्येक खेळाकडे जुगाराच्या संशयाने पाहणारे पालक आणि शिक्षक मला भेटत आहेत. शैक्षणिक खेळांना प्रोत्साहन देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, याकडे कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही. कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवणारी एक शिक्षिका म्हणून अशाच एका खेळाची बाजू मला मांडायची आहे.

पॅट्रिक आणि डॅनियल क्लुग या भावांच्या ‘ग्रीनहार्ट गेम्स’ या छोट्या कंपनीने डिसेंबर २०१२ मध्ये ‘गेम डेव्ह टायकून’ हा खेळ बाजारात आणला. त्यात खेळणाऱ्याने १९८०च्या दशकात, एका गॅरेजमध्ये, व्हिडिओ गेम तयार करणारी स्वतःची कंपनी सुरू करायची असते. खेळाचा विषय, प्रकार आणि तो कोणत्या यंत्रावर चालेल हे ठरवायचे, कथा, चित्रण, ध्वनी अशा अंगांना किती वेळ द्यायचा याची वाटणी करायची, मग समीक्षकांचे गुण आणि विक्रीचे आकडे यांची वाट पाहायची, असा हा क्रम आहे. एकदा किंमत मोजून घेतला की त्यात पुन्हा पैसे मागितले जात नाहीत, हेही पालकांनी लक्षात घ्यावे.

बारावीच्या विद्यार्थ्याला नियोजन, संघटन, कर्मचारी व्यवस्थापन, निर्देशन, समन्वय आणि नियंत्रण ही व्यवस्थापनाची कार्ये तोंडपाठ असतात. पण खेळत्या भांडवलाची, म्हणजे रोजच्या खर्चाला लागणाऱ्या पैशाची, चणचण म्हणजे नेमके काय, हे पुस्तकातून त्याच्या अंगी लागत नाही. या खेळात गॅरेज सोडून कार्यालय घेतले आणि माणसे नेमली की दर महिन्याला पगार आणि भाडे जातच राहते, विक्री मात्र खेळ बाजारात आल्यावर काही आठवडे होते आणि ओसरते. पुढचा खेळ तयार होईपर्यंत शिल्लक पुरेल का, की मधल्या काळात दुसऱ्यांची छोटी कंत्राटी कामे घ्यावीत? मोठ्या प्रकाशकाशी करार केला तर विक्री वाढते, पण वाट्याला केवळ स्वामित्वधन (रॉयल्टी) येते आणि ठरलेले गुण न मिळाल्यास दंड भरावा लागतो. स्थिर खर्च, जोखीम आणि संधी-व्यय (एक पर्याय निवडल्यामुळे हुकलेला दुसऱ्याचा लाभ) या संकल्पना इथे विद्यार्थ्याला स्वतः निर्णय घेऊन भोगाव्या लागतात, आणि माझ्या मते हेच या खेळाचे खरे मोल आहे.

या खेळाच्या इतिहासातला एक प्रसंग तर प्रत्येक वर्गात सांगितला जावा. एप्रिल २०१३ मध्ये आपल्या संकेतस्थळावर विक्री सुरू करताना कंपनीने त्याच दिवशी खेळाची एक ‘फुकट’ प्रत स्वतःच टॉरंटवर, म्हणजे इंटरनेटवरून चोरीच्या प्रती उतरवून घेण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मार्गावर, सोडली. ती उतरवून घेणाऱ्याची खेळातली कंपनी सुरुवातीला नीट चालत असे. पुढे मात्र लोक तुमचे खेळ विकत न घेता चोरून खेळत आहेत असा निरोप येई आणि कंपनी हळूहळू दिवाळखोरीत जाई. पहिल्या दिवसाअखेर ३,१०४ जण चोरीची प्रत खेळत होते आणि विकत घेणारे होते केवळ २१४, म्हणजे ९३.६ टक्के खेळाडूंनी खेळाची आठ डॉलर किंमतही दिली नव्हती. त्यातल्या काहींनी मग इंटरनेटवर मदत मागितली, की ही चोरी थांबवण्याचे तंत्र आम्हाला खेळात विकसित करता येईल का! बौद्धिक संपदेचे नुकसान नेमके कोणाचे होते हे समजावून देणारे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

खेळातले जग अर्थातच सोपे करून घेतलेले आहे, आणि शिक्षकाची गरज तिथेच लागते. त्यात समीक्षकांचे गुण तुमच्याच आधीच्या सर्वोत्तम कामगिरीशी ताडून दिले जातात. खरा बाजार तसा चालत नाही. थकलेला कर्मचारी रजेवर जाऊन ताजातवाना परत येतो, नोकरी सोडण्याच्या गोष्टी करत नाही. भांडवलासाठी दारोदार फिरणेही त्यात नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने ‘राजी: अॅन एन्शन्ट एपिक’ या खेळासाठी लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा प्रयत्न केला होता, तो अपयशी ठरला, तरीही त्यांनी २०२० मध्ये तो खेळ पूर्ण करून जगापुढे आणला. खेळातल्या गॅरेजसोबत पुण्यातली ही खरी धडपडही विद्यार्थ्यांपुढे ठेवली पाहिजे.

माझी मागणी मर्यादित आहे. अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेच्या प्रकल्पकार्यात अशा एखाद्या व्यवसाय-अनुकरण खेळाचा पर्याय मंडळाने द्यावा. विद्यार्थ्यांनी गटाने कंपनी चालवावी, प्रत्येक खेळाचा जमाखर्च पुस्तपालनाच्या वहीत मांडावा आणि कंपनी बुडाली तर ती कोणत्या निर्णयामुळे बुडाली याचा लेखी अहवाल द्यावा. गुण त्या अहवालाला असावेत, खेळातल्या नफ्याला नव्हे. संगणक कक्ष बहुतेक महाविद्यालयांत आहेत. खेळाच्या अधिकृत प्रती महाविद्यालयाने ग्रंथालयाच्या निधीतून विकत घ्याव्यात आणि त्यांची पावती विद्यार्थ्यांना दाखवावी.

– एक वाणिज्य शिक्षिका, सातारा