पावसाळी मुक्काम आणि रोडग्यांची पंगत

मा. संपादक,
स. न.

मृग लागला की वर्तमानपत्रांतून पावसाळी सहलींची पाने सुरू होतात. रामटेक, खिंडसी, आंभोरा, अडासा, पारशिवनीजवळचा घोगरा. कुठे जायचे, कसे जायचे, फोटो कुठून चांगला येतो, सगळे असते. मात्र सातच्या सुमारास अंधार पडल्यावर, टिनावर पाऊस वाजत असताना, ओल्या कपड्यांतल्या वीस माणसांनी काय जेवायचे आणि ते कसे शिजवायचे, यावर एक ओळ नसते. मग लोक शहरातून डबे बांधून नेतात. दुपारी गरम असताना झाकलेला पुलाव रात्री नऊला उघडतो तेव्हा त्याला वास आलेला असतो, आणि निम्मी मंडळी चिवडा खाऊन झोपतात. एका बसमधून आलेली अनोळखी माणसे एकमेकांशी खरी बोलू लागतात ती रात्रीच्या जेवणात, असे आम्हाला ठामपणे वाटते. म्हणून हे पत्र जरा लांब आहे.

या कामासाठी आपल्या विदर्भात रोडग्यांसारखे, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेल्या कणकेच्या थरदार गोळ्यांसारखे, जेवण नाही. पोळ्या करायच्या म्हटल्या की दोघी-तिघी चुलीपुढे अडकतात आणि त्यांची सहल तिथेच संपते. रोडग्यांना सगळ्यांचे हात लागतात. एकाने कणीक मळायची, सहा-सात जणांनी गोळे वळायचे, पोरांनी पळसाची पाने धुवायची, अनुभवी माणसाने विस्तवाजवळ बसायचे. तवा नको, मोठा जाळही नको. पावसाळ्यात अडचण येते ती एकाच गोष्टीची, ती म्हणजे जळणाची.

गोवऱ्या मुक्कामाच्या गावी मिळतील या भरवशावर राहू नये. उन्हाळ्यात थापून उडव्यात रचलेल्या गोवऱ्याच पावसाळ्यात कामाच्या. वरून कोरडी दिसणारी गोवरी आतून सर्द असू शकते, मोडून पाहावी. कट् आवाज करून मोडली आणि हाताला हलकी लागली तर चांगली. वाकून, लोंबत तुटली तर ती नुसता धूर करील. वीस माणसांसाठी वीतभर रुंदीच्या ४० ते ४५ गोवऱ्या लागतात. त्या पोत्यात भरून वरून ताडपत्रीत गुंडाळाव्यात आणि गाडीच्या टपावर ठेवू नयेत. पोहोचल्यावर ओल्या फरशीवर थेट न रचता खाली विटा, त्यावर टिनाचा जुना पत्रा, मग गोवऱ्या. जमिनीतली ओल वर चढली की खालचा थर पेटतच नाही, आणि वरचे रोडगे करपून खालचे कच्चे राहतात. पेटवायला रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नये, त्याचा वास कणकेला लागतो. कोरडा काडीकचरा आणि कापराच्या चार वड्या पुरतात.

कणीक जाडसर, रवाळ दळून घ्यावी. पोळीची बारीक कणीक वापरली तर रोडगा चिवट होतो. माणशी १५० ग्रॅम धरून २० जणांना ३ किलो पुरते. त्यात २५० ते ३०० मिली तेलाचे कडकडीत मोहन, साधारण ४५ ग्रॅम मीठ, तीन चमचे ओवा, चमचाभर हळद. मोहन दोन्ही हातांनी चोळून कणकेची मूठ वळली पाहिजे. पाणी एकदम ओतू नये: दमट हवेत कणकेने आधीच ओल धरलेली असते, त्यामुळे उन्हाळ्यापेक्षा पाणी थोडे कमी लागते. सव्वा ते दीड लिटरात घट्ट गोळा होतो. कोपरात (मोठ्या परातीत) मळून, ओल्या फडक्याने झाकून अर्धा तास ठेवावी. सोडा घालू नये. त्याने रोडगा फुगून तडकतो आणि राख आत शिरते. कणीक कोरडी राहिली तरी हेच होते.

रोडग्याची खरी खुबी थरांत आहे. लिंबाएवढ्या गोळीची जाड चकती करून तिला तेल लावायचे, ती त्याहून मोठ्या पारीत घालून तोंड बंद करायचे, पुन्हा तेल, पुन्हा पारी. तीन थर पुष्कळ झाले. एक रोडगा साधारण १३० ग्रॅमचा करावा, म्हणजे ३ किलोत ३५ होतात. नवखे लोक उत्साहाने पाव किलोचे करतात आणि ते आत पिठूळ राहतात. पळसाला या दिवसांत मोठी, जाड पाने असतात. दोन पानांत गुंडाळून भाजले की राख लागत नाही आणि पानाचा मंद वास उतरतो. पाने मात्र दोन्ही बाजूंनी धुवावीत, मागच्या बाजूला अळ्या आणि अंडी चिकटलेली असतात.

भाजताना घाई नडते. गोवऱ्यांचा धूर पूर्ण थांबून वर पांढरी राख धरेपर्यंत, म्हणजे पाऊण तास तरी, रोडगा विस्तवाजवळ नेऊ नये. ज्वाळेवर टाकलेला रोडगा दहा मिनिटांत काळा होतो आणि आतून कच्चाच राहतो. विस्तव काठीने फोडून पसरावा, रोडगे मांडावेत, दर आठ-दहा मिनिटांनी फिरवावेत. पंचवीस-तीस मिनिटांत सगळ्या बाजूंनी डाग पडले की गरम राखेत पुरून आणखी वीस-पंचवीस मिनिटे ठेवावेत. आतले थर शिजतात ते या राखेत. झाला की नाही हे बोटाने टिचकी मारून कळते: पोकळ आवाज आला पाहिजे. मग सुती फडक्याने पुसून, तळहातात दाबून फोडायचा आणि गरम असतानाच तूप घालायचे. २० जणांना पाऊण किलो तूप लागते. यात कंजुषी करू नये.

वेळेचे गणित असे: साडेपाचला विस्तव पेटवायचा, त्याच वेळी डाळ भिजत घालायची आणि कणीक मळायची, सव्वासहाला गोळे वळायला बसायचे, सातला रोडगे विस्तवावर, आठला पंगत. पाऊस वाढला तर अर्धा तास जास्त धरा.

वरणाला दीड किलो तूर डाळ, तासभर भिजवलेली. मुक्कामाच्या विहिरीचे पाणी जड असेल तर डाळ तासन्‌तास शिजत नाही, म्हणून डाळीपुरते पाणी घरून न्यावे. चिंच, टमाटर, मीठ डाळ मऊ झाल्यावरच. आंबट आधी पडले की दाणा आखडतो. रईने (रवीने) घोटून, लसूण, जिरे, सुकी लाल मिरची आणि हिंगाची फोडणी, वर भरपूर सांभार (कोथिंबीर). मिरची भिवापूरची मिळाली तर उत्तम. आपल्याच जिल्ह्यातल्या या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, पण सहलीच्या शिदोरीत बिननावाची पूड का असते हे कळत नाही.

भाजी वांगी-आलूची: अडीच किलो वांगी, एक किलो आलू, गंजात (पातेल्यात) ३०० मिली तेल. पावसाळी वांग्यात अळी फार. बाहेरून छिद्र दिसत नसले तरी प्रत्येक वांगे उभे चार फाकी करून उजेडात पाहावे आणि मिठाच्या पाण्यात टाकावे. हे काम कंदिलाच्या उजेडात करू नका, दिवस असतानाच उरका.

वांग्यांच्या आधी एक गोष्ट विचारून ठेवावी. आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागतो आणि कित्येक घरांत कांदा, लसूण, वांगी बंद होतात. कांदेनवमीला शेवटचे खाऊन घेतात. श्रावणातल्या सोमवारी उपासवाले वेगळे. सोबतच्या प्रवाशांना हे ताटावर बसल्यावर विचारणे बरे दिसत नाही. नावे घेतानाच विचारावे, आणि चौघेजण जरी चातुर्मास पाळणारे असले तरी कोहळ्याची किंवा दोडक्याची भाजी वेगळ्या गंजात, कांदा-लसणाशिवाय करावी. वरणातून त्यांच्यापुरते फोडणीआधी काढून ठेवले की झाले.

ज्यांना सावजी मटणाशिवाय सहल सहल वाटत नाही त्यांच्यासाठी इतकेच: कच्चे मटण नागपुरातून तीन-चार तास पिशवीत नेऊ नका. या हवेत ते दोन तासांत बिघडायला लागते. बर्फाच्या डब्यात न्या, नाहीतर मुक्कामाजवळच्या गावात ताजे घ्या.

भात सर्वांत शेवटी, एकच किलो. एचएमटी घ्या, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात निवडून वाढवलेला हा तांदूळ. नोव्हेंबरात निघालेले धान आषाढापर्यंत सात-आठ महिने जुने झालेले असते, म्हणून दुप्पट पाणी ठेवा. उरलेला भात सकाळच्या फोडणीच्या भातासाठी राखून ठेवू नका. उघड्यावर राहिलेल्या भातात जे विष तयार होते ते पुन्हा गरम करून जात नाही. रोडगे मात्र सकाळपर्यंत छान राहतात, कुस्करून गूळ-तुपाशी खावेत.

पाण्यावर सर्वांत जास्त लिहायला हवे. पावसाच्या पहिल्या महिन्यात विहिरी आणि बोअरमध्ये आजूबाजूची घाण मुरते. पिण्यासाठी माणशी दोन लिटर आणि स्वयंपाकाला वीस लिटर, म्हणजे २० लिटरचे तीन कॅन घरूनच न्यावेत. कमी पडले तर गढूळ पाण्यात थेट क्लोरिनचे थेंब टाकून उपयोग नाही, कारण गाळच क्लोरिन खाऊन टाकतो. आधी तुरटी फिरवून तासभर ठेवा, वरचे पाणी चौपदरी फडक्यातून गाळा, मग खळखळून उकळा. काकडी-टमाटर धुवायलाही हेच पाणी. जुलाब बहुतेक वेळा कोशिंबिरीतून होतात आणि नाव वरणाचे खराब होते.

रानभाज्यांचा मोह समजण्यासारखा आहे. कोवळा तरोटा (टाकळा) ओळखता येत असेल तर खुशाल करा, फुलावर येण्याआधीचा. वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) करायचे तर चिरून, उकळून, ते पाणी फेकूनच. कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. सात्या (रानातल्या अळंब्या) मात्र गावातल्या जाणत्या माणसाने ओळखून दिल्याशिवाय शिजवू नका. चांदीचा चमचा काळा पडतो किंवा नाही, किडे लागले आहेत किंवा नाहीत, या परीक्षा साफ खोट्या आहेत. काही जीवघेण्या कुकुरमुत्त्यांचे विष शिजवूनही जात नाही, आणि त्रास सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतो. तोवर मंडळी परतीच्या बसमध्ये असतात. उलट्या सुरू झाल्या तर उरलेला तुकडा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

दिव्याबद्दल एक साधी युक्ती. पावसात दिव्याभोवती पंख फुटलेली वाळवी घोंगावते आणि गंजात पडते. मोठा पांढरा दिवा पंगतीपासून दहा-बारा फूट दूर टांगा, पंगतीजवळ मंद पिवळा ठेवा. पाखरे तिकडे जातात.

आता जिवाची गोष्ट. जेवणानंतर थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची घमेली झोपायच्या खोलीत नेतात आणि पावसामुळे खिडक्या लावून घेतात. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, धूरही दिसत नाही. झोपेतच माणूस जातो. विस्तव बाहेरच पाण्याने विझवावा. तसेच पावसात झाडाखाली चूल मांडू नये. आपल्याकडे विजा फार पडतात, मोबाइलवर विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ ॲप ठेवावे. आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय आग पेटवणे हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. खासगी शेत, धर्मशाळा किंवा देवस्थानाची जागा, विचारून, हेच योग्य.

इथेच आमची मागणी येते. नागपंचमीच्या आधी पचमढीच्या नागद्वार यात्रेला विदर्भातून जत्थेच्या जत्थे जातात, रामटेक-आंभोऱ्याला तर पावसाळाभर गर्दी असते. पण कोरड्या जागी चूल मांडता येईल असा निवारा शोधावा लागतो, आणि तो नसल्यानेच लोक जंगलाच्या कडेला, झाडांखाली जाळ करतात. पर्यटन विकासाच्या नावाने स्वागतकमानी उभ्या राहतात. त्याऐवजी ग्रामपंचायतींनी आणि देवस्थानांनी एक साधे शेड बांधावे: वीस फूट लांब, बारा फूट रुंद, दहा फूट उंच, पावसाच्या बाजूला एकच भिंत आणि बाकी तीन बाजू मोकळ्या, म्हणजे धूर कोंडणार नाही. जमिनीपासून दीड फूट उंच ओटा, त्याच्या कडेने पाण्याची नाली, विझलेली राख टाकायला एक झाकणाचा हौद. शेजारी गावातल्या बचत गटाला कोरड्या गोवऱ्या आणि पळसाच्या पत्रावळी विकायला जागा द्यावी. पावसाळ्याचे चार महिने त्यांना रोजचे गिऱ्हाईक मिळेल. या वर्षीच्या सहलींच्या पानावर कुठे असे शेड आहे आणि कुठे नाही, एवढी एक चौकट आपण छापावी, ही विनंती.

आपले,
सहलींचा स्वयंपाक सांभाळणारे काही वाचक,
नागपूर