६० दिवस, पण मोजायचे कुठून?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत कुंडीतल्या टोमॅटोवर लेख होता, फोटो झकास होते, पण त्यातलं "६० दिवसांत घरचा टोमॅटो" हे वाक्य वाचून आमच्या बिल्डिंगमध्ये मिटलेलं भांडण परत पेटलं, म्हणून हे पत्र. लेख लिहिणाऱ्यांवर राग नाही, बियांच्या पाकिटावरही हेच छापलेलं असतं. पण ६० दिवस कुठून मोजायचे, बी टाकल्यापासून की रोप कुंडीत लावल्यापासून, आणि मोजायचे कुठवर, पहिल्या फुलापर्यंत, पहिल्या गोटीपर्यंत की लाल होईपर्यंत, हे कोणीच लिहीत नाही.

आम्ही सहकारनगरला राहतो, चार मजली जुनी बिल्डिंग, गच्ची सगळ्यांची. यंदा चौघांनी ठरवलं की एकाच दिवशी बी टाकायचं, माती सारखी, कुंडी सारखी, आणि कोणाच्या जातीला फळ आधी धरतं ते बघायचं, हरेल त्याने मिसळ द्यायची. माझी पुसा रुबी, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची अर्का रक्षक, समोरच्या फ्लॅटमधल्या आयटीवाल्या मुलीची अर्ली गर्ल, तिच्या भावाने अमेरिकेहून पाठवलेली, शिवाय तिनेच आणलेली एक चेरी टोमॅटो. चौथ्या म्हणजे वॉचमनमामांच्या मिसेस, त्यांना आम्ही वहिनी म्हणतो, त्यांनी मंडईतल्या भाजीतलाच एक पिकलेला टोमॅटो पिळून बी राखेत चोळून वाळवलं होतं, जातबीत काही माहीत नाही. आम्ही मनातल्या मनात त्यांना शेवटचा नंबर देऊन टाकला होता, हे आता कबूल करते.

ऋषिपंचमीला बी टाकलं, घटस्थापनेला रोपं कुंडीत गेली. मुद्दाम तिथीने सांगतेय कारण वही मी कालनिर्णयाच्या मागेच ठेवलेली असते. कोजागिरीला चेरीला कळी दिसली, दिवाळीच्या आसपास पुसा रुबीला आणि अर्ली गर्लला फुलं, रक्षक मागे. मुलगी तर फुलाचा फोटो ग्रुपवर टाकून मोकळी, "आम्ही जिंकलो". त्यावर वहिनी म्हणाल्या, "फुलं काय बाभळीलाही येतात, सेटिंग झालं का ते बघा." सेटिंग म्हणजे फुलाचं फळ धरणं. वहिनी जुन्नरकडच्या, लहानपणी नारायणगावच्या बाजारासाठी टोमॅटो तोडायला जायच्या, त्यामुळे बोलणं एकदम तोडणीतलं.

आणि खरंच, आठ दिवसांत अर्ली गर्लचा पहिला सगळा घोस गेला. कसा जातो ते जवळून बघण्यासारखं आहे. फुलाच्या देठावर मध्येच एक गाठ असते, आपल्या बोटाच्या पेरासारखी. फळ धरणार नसेल तर आधी ती गाठ पिवळी पडते, फूल अजून चांगलं दिसत असतं, पण नुसतं बोट लावलं की तिथूनच टपकन तुटतं. धरणार असेल तर पाकळ्या वाळून मागे मुडपतात, हिरवी टोपी तशीच राहते आणि आत मोहरीएवढा हिरवा मणी दिसतो, तो चार दिवसांत हरभऱ्याएवढा झाला की समजायचं, बसला. मी चष्मा लावून रोज सकाळी तेच बघत बसायचे, घरचे वैतागले.

मुलीचं म्हणणं, माझी जात खराब. मला ते पटेना, कारण तिच्याच दुसऱ्या कुंडीत, तीच जात, तेच पाकीट, पाचपैकी चार फुलं धरली होती. फरक एवढाच की पहिली कुंडी उत्तरेच्या कठड्याला उघड्यावर आणि दुसरी पाण्याच्या टाकीच्या पश्चिमेच्या भिंतीला टेकून. ती भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब सोडत राहते, हात लावला तर नऊ वाजताही कोमट लागते. वर पहिल्या कुंडीत तिने हौसेने युरियाचं पाणी जास्त घातलं होतं, पानं अशी काळीभोर झाली होती की खाली उंदीर लपला तर दिसला नसता, आणि नत्र जास्त झालं की टोमॅटो पानंच वाढवत बसतो.

टोमॅटोचं सगळं गणित रात्रीवर असतं. रात्री १५ ते २० अंशांच्या आसपास असेल तर फळ मजेत धरतं. १२-१३च्या खाली गेलं की परागकण धड तयार होत नाहीत, आणि रात्री २४च्या वर किंवा दुपारी ३५च्या वर गेलं तरी तीच बोंब. आता पुण्याचं बघा, ऑक्टोबरमध्ये रात्री विशीच्या आसपास, डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की १०च्या खाली, आणि एप्रिलला दुपारी ३८-३९. म्हणजे जात कुठलीही असो, फूल नेमकं कुठल्या आठवड्यात उमललं यावर निम्मा निकाल. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्यांनी दिवाळीनंतर नर्सरीतून काकांसारखीच रक्षकची रोपं आणली, त्यांची फुलं ऐन थंडीत आली आणि सगळी गळाली, तर ते म्हणाले नर्सरीवाल्याने फसवलं. फसवलं नव्हतं हो, उशीर केला होता. संक्रांत झाल्यावर रात्री जरा उबदार झाल्या तशी त्याच झाडांना फळं लागली. (नर्सरीवरून आठवलं, छोट्या काळ्या पिशवीत फूल किंवा फळ लागलेलं रोप दिसलं की लोक हौसेने तेच उचलतात, आधी येईल म्हणून. ते रोप कुंडीत गेल्यावर अडून बसतं, मुळं वाढवायची की फळ पोसायचं त्याला कळत नाही. बिनफुलाचं बुटकं जाड देठाचं रोप घ्या.)

आता गंमत बघा, आपल्याच दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने हे कधीच ओळखून जाती काढल्यात. पुसा शीतल रात्री ८ अंशांपर्यंत फळ धरते, पुसा हायब्रीड १ उलट २८ अंशांच्या गरम रात्रीतही धरते, आणि पुसा सदाबहार दोन्हीकडे चालते. तिकडे अमेरिकेत ओरेगनच्या विद्यापीठाने ओरेगन स्प्रिंगसारख्या जाती काढल्या ज्या थंडीत परागीकरण नीट झालं नाही तरी फळ धरतात, त्यात बिया जवळपास नसतात. म्हणजे जात निवडताना विचारायचा प्रश्न "किती दिवस" याच्याआधी "किती अंश" हा आहे, आणि तो पाकिटावरही नाही नि आपल्या लेखातही नाही.

दिवसांचा घोळ तर वेगळाच. अर्ली गर्ल १९७५ला तिकडे बाजारात आली, ५०-५५ दिवसांची म्हणून नावाजलेली, पण ते दिवस रोप बाहेर जमिनीत लावल्यापासूनचे. त्याआधी सहा-आठ आठवडे ते लोक घरात खिडकीशी रोप वाढवतात ते धरतच नाहीत. आपल्या पुसा रुबीचे ६०-६५ दिवसही लावणीनंतरचेच. माझ्या वहीत घटस्थापना ते पहिला लाल टोमॅटो ७३ दिवस, दत्तजयंतीला तोडला, आणि बी टाकल्यापासून मोजले तर ९८. एकच फळ, ७३ पण खरं आणि ९८ पण खरं. आता लेख वाचून कोणी बी टाकेल आणि ६०व्या दिवशी फुलंसुद्धा धड नसतील, तर तो बिचारा झाड उपटून टाकेल ना. माझ्या नणंदेने टाकलंय, म्हणून सांगते.

चेरी सगळ्यात आधी पिकली, देवदिवाळीलाच, त्यात नवल नाही, फळ छोटं म्हणजे पिकायला दिवस कमी. पण काकांनी ती स्पर्धेतून बाद केली, म्हणाले ही गोटी आहे, आमटीत चार टाकल्या तरी आंबटपणा येत नाही. यावर दोन दिवस ग्रुपवर कडाक्याचं युद्ध. काकांचं रक्षक फुलाला सगळ्यात मागे होतं, पण आली ती बहुतेक फुलं धरली, आणि पानं शेवटपर्यंत स्वच्छ. बेंगळुरूच्या संस्थेची जात आहे ती, पर्णगुच्छ (पानं चुरडतात), मर (रोप वाळतं) आणि करपा (पानांवर डाग पडतात) हे तिन्ही रोग सोसते. माझ्या पुसा रुबीला मात्र पांढऱ्या माशीने गाठलं आणि जानेवारीत शेंडे चुरडामुरडा. लवकर आली आणि लवकर गेली.

आणि वहिनींच्या बेनाम झाडाला पहिली गोटी माझ्याही आधी. कारण शोधलं तर जातीत नव्हतंच. टोमॅटोचा पराग फुलातल्या पिवळ्या नळीत बंद असतो, हलल्याशिवाय पडत नाही, मिठाच्या डबीसारखं. मधमाशीला ते जमत नाही, भुंगा फुलाला लटकून गुणगुण करतो तेव्हा पडतो, आणि आमच्या गच्चीवर भुंगा क्वचित. वहिनी रोज दहाच्या सुमाराला कपडे वाळत घालायला आल्या की जाता जाता बांबूच्या सुतळीला टिचकी मारायच्या, बस. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, सवय. मग मुलीने बॅटरीचा टूथब्रश आणून देठाला लावायला सुरुवात केली, आम्ही हसलो, पण तिचे पुढचे घोस भरले हे मान्य करायला हवं.

एकेका जातीच्या दोन-दोन कुंड्या आणि एकच हंगाम, त्यावरून मी कुठल्या जातीला पास-नापास करणार नाही, आणि इतरांनीही करू नये. आपल्याकडे मागणं एवढंच की पुरवणीत जातीची माहिती देताना दिवस लावणीपासूनचे की बीपासूनचे हे लिहा आणि रात्रीचं तापमान किती चालतं तेही लिहा, एका ओळीचं काम आहे. शिमला ऑफिसचं, म्हणजे शिवाजीनगरच्या वेधशाळेचं, आणि पाषाणचं किमान तापमान आपण रोज छापताच, १९२८पासून वेधशाळा आपल्या गावात आहे, तेच बागेच्या सदरात शेजारी टाकलं तर लोकांना कळेल की फुलं का गळतायत. पाषाण आपल्यापेक्षा गार, तिथल्या गच्चीवाल्यांना यंदा पहिला मणी कधी दिसला ते त्यांनी कळवलं तर माझ्या वहीत एक पान रिकामं ठेवलंय.

मिसळ अजून कोणीच दिलेली नाही. काका अजून म्हणतात, चेरी धरायची नाही, ती गोटी आहे.

आपली,
गच्चीवाली एक वाचक, सहकारनगर, पुणे