बढती मिळते, बोलायला कोण शिकवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत मी 34 वर्षे नोकरी केली, त्यांपैकी शेवटची 19 वर्षे सुपरवायझर म्हणून. या काळात सतत खटकलेली एक गोष्ट आपल्या पत्राद्वारे उद्योजकांच्या कानावर घालावीशी वाटते. हात चांगला असलेल्या ऑपरेटरला एके दिवशी बढतीचे पत्र मिळते आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने वीस माणसांकडून काम करून घ्यावे, अशी अपेक्षा असते. नवे सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारे मशीन आले तर ते चालवायला शिकवण्यासाठी माणूस येतो. माणसे सांभाळायचे मात्र ज्याचे त्याने निभावून न्यायचे. मग नवा सुपरवायझर जुन्यासारखाच ओरडू लागतो, कारण त्याने तेवढेच पाहिलेले असते.

माझेही तेच झाले. टर्निंगच्या, म्हणजे लेथच्या मशीनवरच्या एका मुलाने शिफ्टच्या सुरुवातीलाच इन्सर्टची, म्हणजे धातू कापणाऱ्या बदलत्या पात्याची, धार गेल्याचे सांगितले, तेव्हा मी सगळ्यांदेखत त्याला म्हणालो, "कालच बदलला ना? तुला रोज नवा लागतो का?" पुढच्या आठवड्यात इन्सर्ट पुन्हा खराब झाला आणि तो गप्प राहिला. शिफ्ट संपताना बोअर, म्हणजे आतले भोक, मापाबाहेर गेलेले 62 नग लाल क्रेटमध्ये टाकावे लागले. रिजेक्शनच्या अहवालात कारण लिहिले गेले 'टूल वेअर', म्हणजे हत्याराची झीज. खरे कारण माझे बोलणे होते आणि ते मी मॅनेजरसमोर कबूल केले नाही, याची खंत मला आजही आहे.

त्यानंतर मी स्वतःला काही सवयी लावून घेतल्या. सूचना दिल्यावर "समजलं का?" असे विचारणे सोडले, कारण त्यावर "हो साहेब" एवढेच उत्तर येते. त्याऐवजी "आता तू काय करणार ते मला सांग" असे म्हणू लागलो. ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये भरायची मापाची दुरुस्ती, वीस मायक्रॉनने कमी करायला सांगितलेला मुलगा तो वाढवायला निघाला आहे, हे अशा उत्तरातूनच मला कितीतरी वेळा वेळेवर कळले. आता तर एकाच लाइनवर मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहारची आणि उत्तर प्रदेशची मुले असतात, त्यामुळे सांगितलेले आणि पोहोचलेले यांतले अंतर आणखीच वाढले आहे.

शिफ्ट बदलताना हे विशेष जाणवते. बस चुकू नये म्हणून पहिल्या शिफ्टचा माणूस आधीच हात धुवायला जातो, दुसरा येतो तेव्हा मशीनपाशी कोणीच नसते आणि रजिस्टरमध्ये फक्त 'ओके' लिहिलेले असते. दोघांनी दहा मिनिटे मशीनपाशी उभे राहून बोलावे, एवढी सोय वेळापत्रकातच करायला हवी आणि त्या दहा मिनिटांचा पगारही द्यायला हवा.

पुण्याला भाषणांची मोठी परंपरा आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आजही चालू आहे. परंतु व्यासपीठावरचा वक्ता बोलतो आणि बाकीचे ऐकतात. कारखान्यात ज्याला नेतृत्व करायचे आहे त्याने आधी ऐकायचे असते, आणि हा सराव कुठेच मिळत नाही. आयटीआयमध्ये 'एम्प्लॉयेबिलिटी स्किल्स' हा विषय आहे, पण नव्याने कामावर आलेल्या मुलांशी बोलताना त्यांच्या लक्षात राहिलेली तयारी मुलाखतीपुरतीच दिसली. कंपन्यांची प्रशिक्षणे होतात ती बहुधा हॉटेलच्या हॉलमध्ये, इंग्रजी स्लाइड दाखवून आणि मॅनेजर मंडळींसाठी. लाइनवरचा सुपरवायझर त्यांत नसतो.

1934 पासून काम करणाऱ्या मराठा चेंबर या उद्योजकांच्या संस्थेने आणि औद्योगिक वसाहतींतल्या संघटनांनी नव्या सुपरवायझरांसाठी मराठीतून आणि हिंदीतून अर्ध्या दिवसाचे वर्ग कारखान्याच्या आवारातच घ्यावेत, अशी माझी विनंती आहे. चूक कशी सांगावी, तक्रार मध्येच न तोडता कशी ऐकावी, वरिष्ठांना वाईट बातमी वेळेत कशी द्यावी, हे त्यांत प्रत्यक्ष प्रसंग घेऊन करवून घ्यावे. असा वर्ग कोणी सुरू केल्यास मी विनामोबदला शिकवायला येईन, पहिल्या शिफ्टच्या आधी यावे लागले तरीही.

आपला,
एक निवृत्त सुपरवायझर, निगडी, पुणे