चिऊ, खरं सांग

प्रिय चिऊ,

काल तू बोलता बोलता फोन ठेवून दिलास. माझाही आवाज चढला होता, म्हणून आज लिहायला बसले. डोक्याला लागण्याचा विषय काढणार नाही, असं बाबांना कबूल केलंय.

शनिवारी ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या मॅचमध्ये दोघींच्या खांद्यांवरून उडी मारून तू मार्क घेतलास, चेंडू हवेतच झेललास ना, तेव्हा बाबांनी शेजारच्या अनोळखी माणसाचा दंडच धरला. ‘ती आमची, ती आमची,’ मराठीतच! तो माणूसही मान डोलवत होता. आज्जीला व्हिडिओ पाठवला, तिने मिरजेत सगळ्या गल्लीला दाखवला. खूप बरं वाटलं गं.

आणि पुढच्याच क्वार्टरला ते झालं. मेलबर्नपासून आठ तास गाडीत राहून पोळ्यांना घाम सुटला होता, म्हणून मी डब्याचं झाकण सरकवत होते. धप्प आवाज आला. वर बघते तर तू गवतावर. मग उठलीस, अंगठा दाखवलास, खेळायला लागलीस. नेमकं काय लागलं, कुठे लागलं, मी पाहिलंच नाही.

हेदर अँडरसनचं नाव काढलं की तू चिडतेस. ‘आई, तिचं वेगळं होतं.’ असेल. तशी ती फार मोठी खेळाडू नव्हती, एक मोसम आणि आठ सामने, बस्स. २०१७ साली बायकांची लीग सुरू झाली, पहिल्याच वर्षी ॲडलेडने ब्रिस्बेनला सहा गुणांनी हरवलं, आणि त्याच फायनलमध्ये तिचा खांदा निकामी झाला. खेळ सुटला. मग सैन्यात मेडिकचं काम. २०२२ च्या नोव्हेंबरात गेली, २८ वर्षांची. घरच्यांनी मेंदू दान केला म्हणून पुढच्या वर्षी कळलं की तिला सीटीई होता, डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसून होणारा मेंदूचा आजार. व्यावसायिक खेळाडू बाईमध्ये हे निदान जगात पहिल्यांदाच झालं. जिवंतपणी ते पक्कं कळतच नाही, चिऊ. पाच वर्षांची असल्यापासून ती रग्बी लीग खेळत होती. तुला सातव्या वर्षी ऑसकिकला, लहान मुलांच्या फुटबॉल वर्गाला, मीच घातलं. बुटांच्या नाड्याही मीच बांधायचे.

ती भडक गुलाबी हेल्मेट घालायची. तिच्या आईला नीट दिसत नाही, एवढ्या पोरींत आपली लेक ओळखू यावी म्हणून. हेल्मेटने मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही, हे तूच मला सांगितलंयस. पण मला ती आईच आठवत राहते. माझे डोळे चांगले धडधाकट आहेत, आणि मी डब्यात बघत होते.

झालं, पुन्हा भाषण. माफ कर. तुझं आयुष्य, तुझा खेळ, मला मान्य आहे. ॲडलेडला एकटी राहून नोकरी सांभाळून आठवड्यातून तीनदा सरावाला जातेस, मला तुझ्या वयात जमलं नसतं. पण डोक्याला मार बसला की निदान २१ दिवस मॅच खेळायची नाही, हा गावोगावच्या क्लबांना नियम आहे तो उगीच नाही. आणि तू सेमीफायनल हुकेल म्हणून ट्रेनरला डोकेदुखीचं सांगितलंच नाहीस! अंडर-टेनची शेवटची मॅच आठवते? अंगात ताप होता आणि थर्मामीटर लावायच्या आधी तू गुपचूप बर्फ चघळून आलीस. ९७ आला. मी सोडलं तुला खेळायला. रात्री १०३ होता, बाबा आणि मी आळीपाळीने पट्ट्या ठेवत बसलो होतो.

ट्रेनरला आजच्या आज सांग. तू सांगितलं नाहीस तर मी फोन करीन, मग वर्षभर बोलू नकोस माझ्याशी.

येत्या शनिवारी आम्ही येतोय. तू खेळणार नाहीस, बाकावर बसशील, तरी येतोय. डबा गाडीतच ठेवीन.

उजेडाकडे बघवतं का आता? रात्री झोप लागते? खरं लिही. बर्फ चघळू नकोस.

तुझी,
आई