घरफोडी आणि स्वसंरक्षणाचा हक्क

महोदय,

घरात शिरलेल्या चोरावर हात उचलण्याचा हक्क घरमालकाला द्या, ही मागणी करणाऱ्या नेत्यांनी भारतीय न्याय संहितेचे कलम ४१ वाचावे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतल्या घरफोडीत, गरजच पडली तर, चोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. जुन्या दंड संहितेतही तो होता.

कुलूप तोडून, भिंत चढून किंवा खिडकीतून येणे म्हणजे घरफोडी. उघड्या दारातून शिरलेला भुरटा त्यात सहसा बसत नाही. तिथे मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती दाखवावी लागते.

बचाव कोसळतो तो कलम ३७ वर: गरजेपेक्षा जास्त इजा. पकडून बांधलेल्या चोराला सोसायटीने मारलेला प्रत्येक फटका गुन्हाच आहे. कुंपणात वीज सोडणे तर अक्षम्य; तिला मूलही चिकटू शकते.

स्वसंरक्षण होते हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते. म्हणून लगेच ११२ ला फोन करा, तुटलेले कुलूप, हत्यार जागचे हलवू नका आणि सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाण्याआधी उतरवून घ्या. नव्या कायद्याच्या घोषणांपेक्षा पुणे पोलिसांनी सोसायट्यांच्या बैठकांत एवढे समजावले तरी निरपराध माणसे तुरुंगाबाहेर राहतील.

— एक वकील, शिवाजीनगर, पुणे