जुनी एसयूव्ही घेताना तुमचं रोजचं रनिंग किती, हे कुणीच विचारत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या दसऱ्याला आम्ही सेकंडहँड कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली, २०२१ चं मॉडेल, डिझेल, दिल्ली पासिंग. सध्या आमच्या लष्कर भागात ओळखीच्या चार घरांत हेच बोलणं चाललंय की नवी परवडत नाही, जुनी बघू, म्हणून आमचा अनुभव कळवावासा वाटला. गाडीचं आणि विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण गाडी चांगलीच आहे, आम्हाला ती जुळली नाही इतकंच.

घेतली ती सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे. आधीच्या छोट्या कारमध्ये त्यांना दोघांनी धरून खाली बसवायचं आणि उतरताना ओढून उठवायचं असा प्रकार होता, दवाखान्यात जायचं म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. ह्या गाडीची सीट खुर्चीच्या उंचीची, त्या दाराला टेकतात आणि सरकून बसतात, कुणाचा हात लागत नाही. शिवाय लांबी चार मीटरच्या आत, त्यामुळे जीवाजीगंजच्या आमच्या गल्लीत वळते. (चार मीटरच्या आत आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असलं की टॅक्स कमी बसतो, म्हणून ह्या वर्गातल्या बहुतेक डिझेल गाड्या त्या मापात असतात.)

भावही चांगला मिळाला. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदीचा एनजीटीचा (राष्ट्रीय हरित लवादाचा) आदेश, २०१८ ला सुप्रीम कोर्टानेही तो कायम ठेवला, पुढे त्यात बदल झाले पण तिथल्या लोकांच्या मनात धास्ती बसली ती बसलीच, डिझेल गाडी चार-पाच वर्षांची झाली की काढून टाकतात आणि त्यातल्या कितीतरी आग्र्यावरून आपल्याकडे येतात. आम्ही म्हटलं आपला फायदा.

तीन महिन्यांत डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला, सायलेन्सरसारखी आकृती आणि आत ठिपके. मला वाटलं पेट्रोल पंपावर काही भेसळ आली असेल. पिकअप गेला, फॅन गाडी बंद केल्यावरही फिरत राहायचा. बहोडापूरला एका मेकॅनिककडे नेली, त्यांनी आधी एकच गोष्ट विचारली, मॅडम रोज किती चालवता? मी सांगितलं, मुलाला शाळेत सोडते, तिथून ऑफिस, संध्याकाळी भाजी घेऊन परत, सगळं मिळून सहा-सात किलोमीटर. ते म्हणाले, मग हे होणारच होतं.

१ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ हे कडक नियम आले तेव्हापासून डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवायला डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी फिल्टर साधारण ६०० डिग्रीपर्यंत तापावा लागतो आणि तेवढं तापायला मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एका वेगात गाडी चालली पाहिजे. महाराज बाडा ते दौलतगंज सेकंड गिअरमध्ये रांगणारी गाडी कुठून तापणार? जाळायला जास्तीचं डिझेल सोडलं जातं, मध्येच आपण गाडी बंद करतो, मग ते डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. मेकॅनिकनी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, पुसून परत घातली आणि काढून माझ्यासमोर धरली, ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलेलं, बोटाला लावून वास घेतला तर चक्क डिझेल! ऑइल न घालता ऑइल वाढतंय हे मी पहिल्यांदाच बघितलं. ऑइल बदललं, कॉम्प्युटर लावून काजळी जाळली, आता दर रविवारी आम्ही डबऱ्यापर्यंत हायवेला जाऊन येतो, फक्त फिल्टरसाठी.

मला राग ह्याचाच आहे की विकणाऱ्याने भाव सांगितला, ॲव्हरेज सांगितलं, सनरूफ उघडून दाखवलं, पण तुमचं रोजचं रनिंग किती हे एकदाही विचारलं नाही.

शेजारच्या काकांकडे २०१७ ची विटारा ब्रेझा आहे, डिझेल, तीही जुनीच घेतलेली. ती बीएस-४, त्यात ही भानगडच नाही, काका तिच्यावर अगदी खूश आहेत. पण आता नवी डिझेल ब्रेझा मिळत नाही, २०२० ला मारुतीने डिझेलच बंद केलं.

कागदांचं थोडक्यात सांगते. दिल्लीची गाडी म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), फॉर्म २८, मग इथे टॅक्स भरून ग्वाल्हेरचा एमपी-०७ नंबर, त्याशिवाय मालकी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, आधीचं लोन असेल तर ते काढायला ३५. आम्हाला एनओसी आठवड्यात देतो म्हणाले, लागले चार महिने. तो टॅक्स आणि हेलपाटे धरले तर वाचलेल्या पैशातले फार थोडे हातात राहतात. उलट आपल्या ग्वाल्हेर व्यापार मेळ्यात सरकार सूट जाहीर करतं त्या वर्षी नव्या गाडीचा रोड टॅक्स निम्मा होतो, तो हिशोब आम्ही करून बघायला हवा होता. आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं, फॉर्म २९-बी, आणि मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याचं ऑनलाइन कळवलं की डीलरच मालक धरला जातो, एनओसीचा अर्जही तो करू शकतो. हे मला चार महिने रखडल्यावर कळलं, तुमच्या पेपरात ह्यावर कुणा जाणकाराकडून सविस्तर लिहून घ्या ना, लोकांना खरंच गरज आहे.

माझा भाचा मालनपूरला कंपनीत आहे, रोज जाऊन-येऊन ४० च्या वर किलोमीटर, सगळा मोकळा रस्ता. तोही गाडी शोधतोय. आमचीच त्याला द्यायचं जवळपास ठरलंय, त्याच्याकडे हा फिल्टर आपोआप साफ राहील, आणि आम्ही ह्याच उंचीची पेट्रोल बघतोय. ऑइलची बिलं, कॉम्प्युटरचा रिपोर्ट, एनओसीची कॉपी सगळं एका फाइलमध्ये लावून त्याला दिलंय, दिवा कधी लागला ती तारीखसुद्धा लिहिलीय.

आपली,
एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर